कोल्हापुरातील दलित नेतृत्वाच्या स्थळांची फेरी कशी आखावी

फेरीची सुरुवात बिंदू चौकातून करावी. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने येथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभारले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

तेथून भाऊसिंगजी रस्त्यावर यावे. राजवाड्याच्या सेवेत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली, आणि पुढे शाहू महाराजांच्या पाठबळाने त्यांनी याच रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. ही कथा बहुधा महाराजांच्या औदार्याची म्हणूनच सांगितली जाते. परंतु बहिष्काराची भीती असताना रोज दुकान उघडणाऱ्या कांबळे यांचे धैर्य मला त्याहून कमी मोलाचे वाटत नाही, म्हणून येथे सर्वाधिक वेळ द्यावा. त्यानंतर नर्सरी बागेत जावे, कारण महाराजांचे स्मारक तेथे उभारण्यातही कांबळे यांचाच पुढाकार होता.

दसरा चौकात वसतिगृहांची परंपरा समजावून सांगताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाचा आणि संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या २६ जुलै १९०२ च्या आदेशाचा उल्लेख करावा.

स्थळांची टिपणे तयार करताना केवळ फलकांवर विसंबू नये. तारखा पुराभिलेखागारातील कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात, आणि जुन्या वस्त्यांमधील वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांची परवानगी घेऊनच ध्वनिमुद्रित कराव्यात. महाराज आणि बाबासाहेब यांच्यातील दुवा ठरलेले दत्तोबा पोवार यांच्यासारखी माणसे अशा शोधाविना विस्मरणात जातात.

हातकणंगले तालुक्यातील माणगावसाठी मात्र स्वतंत्र दिवस ठेवावा. २१ व २२ मार्च १९२० रोजी तेथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद २८ वर्षांच्या आंबेडकरांनी भूषवले आणि तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा आशयाचे उद्गार महाराजांनी तेथे काढले. परिषद भरवण्यासाठी झटलेल्या आप्पासाहेब पाटील यांच्याविषयी गावकऱ्यांना प्रश्न विचारता यावेत, यासाठी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली आदल्या दिवशीच तयार करून घ्यावी.