केसांची मिनरल टेस्ट: सॅम्पल कसं घ्यायचं आणि रिपोर्टमधलं काय धरायचं

केस गळताहेत किंवा थकवा जात नाही म्हणून केसांतली खनिजं आणि धातू मोजणाऱ्या मिनरल टेस्टचा विचार असेल, तर आधी रक्त तपासून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी12, व्हिटॅमिन डी आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). केसांच्या रिपोर्टमध्ये लोहाचा आकडा येतो खरा, पण शरीरात लोह किती साठलंय ते त्यावरून कळत नाही. ते फेरिटिन सांगतं. व्हिटॅमिनं तर या टेस्टमध्ये मोजलीच जात नाहीत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

केसांची टेस्ट खरी उपयोगी पडते ती मोजक्याच ठिकाणी. आठवड्यातून बऱ्याचदा सुरमई, मोरी असे मोठे समुद्री मासे खाण्यात असतील तर शरीरात गेलेला पारा केसांत चांगला दिसतो. मागच्या काही महिन्यांत आर्सेनिक पोटात गेल्याची शंका असेल तरीही केस कामाचे. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो, त्यामुळे मुळाजवळचे 3 सेंमी म्हणजे गेले तीन महिने.

सॅम्पल घेताना

रंग, ब्लीच, स्ट्रेटनिंग किंवा मेंदी केलेले केस चालत नाहीत. मुळापासून 3-4 सेंमी कोरे केस येईपर्यंत, म्हणजे तीन-चार महिने, थांबावं लागतं. कोंड्याच्या शाम्पूची बाटली फिरवून मागची यादी वाचा. त्यात झिंक पायरिथिओन किंवा सेलेनियम सल्फाइड असेल तर झिंक आणि सेलेनियमचे आकडे फुगून येतील. तो शाम्पू बंद करून नवे केस वाढेपर्यंत हे दोन आकडे धरू नका.

आदल्या दिवशी साध्या शाम्पूने केस धुवा आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर तेल, जेल, सीरम काही नको. कात्री स्टीलची, धुऊन पुसलेली असावी.

केस घ्यायचे ते डोक्याच्या मागच्या बाजूचे, मानेच्या थोडे वरचे. वरचे केस उचलून क्लिप लावा आणि खालच्या थरातून चार-पाच ठिकाणी बारीक बटा अगदी त्वचेला लागून कापा. असं केलं की वरच्या केसांखाली कापलेलं दिसत नाही. आता प्रत्येक बट मुळाच्या टोकाला धरा, तिथून 3-4 सेंमी मोजून ठेवा आणि उरलेली लांबी टाकून द्या. लांब केसांत सगळ्यात जास्त चूक इथेच होते. टोकाचा भाग पाठवला की दोन-तीन वर्षांपूर्वीचे, उन्हापाण्यात झिजलेले केस तपासले जातात. एकूण 150 मिलिग्रॅम, म्हणजे सैलसर भरलेला एक मोठा चमचा, बहुधा पुरतं. तरी लॅबचा आकडा आधी विचारा. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिक पिशवी, फॉइल, चिकटपट्टी नको. कंगव्यातले किंवा उपटलेले केसही नकोत.

पाकिटावर नाव आणि तारखेसोबत घरातलं पाणी बोअरचं की नळाचं, तेही लिहा. बादलीवर पांढरा थर धरत असेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल, तर पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसात मुरतं आणि रिपोर्टमध्ये दोन्ही उंच दिसतात. त्याचा हाडांशी संबंध लावू नका. कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीकाम करणाऱ्यांच्या, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत राबणाऱ्यांच्या केसांवर धातूची धूळ बाहेरूनच बसते आणि लॅबच्या धुण्यानेही ती पूर्ण जात नाही. भांगातल्या सिंदुरातून शिसं येऊ शकतं. शिशाची शंका असेल तर केस सोडा आणि रक्तातलं शिसं तपासा. प्रौढ असो वा मूल, 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रिपोर्ट वाचताना

तपासणी आयसीपी-एमएस यंत्रावर, म्हणजे धातूंचं अगदी बारीक प्रमाणही मोजणाऱ्या यंत्रावर, झालीय का ते बघा. केस हातात धरून किंवा 'कंपनं' मोजून मिनरल सांगणाऱ्या यंत्रावर पैसे घालवू नका. पाऱ्याचा आकडा 1 पीपीएमच्या (दहा लाखात एक भाग) वर गेला, विशेषतः गरोदर बाईचा, तर मोठे मासे कमी करून डॉक्टरांना दाखवा. सोडियम-पोटॅशियम घामाने आणि धुण्याने बदलतात. त्यांच्या गुणोत्तरावरून 'मेटाबॉलिझम स्लो की फास्ट' ठरवणाऱ्या पानांना शास्त्राचा आधार नाही. 2001 मध्ये अमेरिकेत एकाच व्यक्तीचे केस सहा लॅबना पाठवले, तेव्हा 12 खनिजांच्या आकड्यांत दहापटीहून जास्त फरक निघाला. लॅब पारखायची असेल तर सॅम्पल नीट मिसळून दोन भाग करा आणि वेगवेगळ्या नावांनी पाठवा. आकडे जुळले नाहीत तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा.

केसात झिंक कमी दिसलं म्हणून लगेच गोळ्या सुरू करू नका. दिवसाला 40 मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिंक बरेच महिने घेतलं तर तांबं कमी पडतं आणि त्यातून ॲनिमिया होतो. सेलेनियम जास्त झालं तर उलट केसच गळतात. झिंकची खात्री रक्तातून करायची तर सकाळी उपाशीपोटी जा आणि 'ट्रेस एलिमेंट'ची ट्यूब आहे का ते विचारा, कारण साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनही झिंक उतरतं.

फेरिटिन कमी निघालं तर गुळावर भागवू नका. आपल्या गुळाचं कौतुक कितीही असलं तरी 10 ग्रॅमच्या खड्यात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह मिळतं, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशेबाने प्रौढ बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं. मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तासाभराने घ्या आणि गोळीचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. केसांची टेस्ट त्यासाठी परत करायची गरज नाही.