५० लिटरच्या हंड्यात ३ किलोचा घाणा

अर्क काढायच्या हंड्यात तळाशी पाणी उकळतं, वाफ वरच्या जाळीवरच्या पानांतलं तेल घेऊन नळीतून बाहेर जाते आणि थंड झाली की अर्क होते. असा हंडा घेताना बहुतेक जण मोठाच घेतात, आणि मग त्यात पडतो गच्चीवरचा ३ किलो गवती चहा. पहिल्या घाण्याला, म्हणजे खेपेला, जेमतेम चमचाभर तेल निघतं आणि दोष पानांवर जातो. पानं बहुधा बरी असतात. रिक्षाला जसं किमान भाडं असतं तसं मोठ्या हंड्यालाही असतं. माल हंडाभर घाला की ३ किलो, उष्णता, वेळ आणि आतल्या पत्र्याला चिकटणारं तेल तेवढंच जातं. छोट्या घाण्यात हे भाडं कमी करायचं, एवढंच काम आहे.

आधी एक स्पष्ट करून टाकू. आंबवलेलं काहीही या हंड्यात जाणार नाही. विनापरवाना दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. इथे विषय पानं, फुलं आणि मुळांचा.

उदाहरणाला ४० सेंमी व्यासाचा, ४० सेंमी उंच हंडा घेऊ, वर घुमटाचं झाकण, आत तळाशी पाणी तापवणारी २ किलोवॅटची कॉइल. या व्यासात १ सेंमी उंचीला सव्वा लिटर पाणी मावतं. हा आकडा हंड्यावर खडूने लिहून ठेवा, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावरच आहेत. कॉइलचा वरचा काठ तळापासून ४ सेंमीवर असेल, तर शेवटच्या थेंबापर्यंत किमान ७ सेंमी पाणी राहिलं पाहिजे, म्हणजे जवळपास ९ लिटर. ३ लिटर अर्क काढायचा असेल तर सुरुवात १२ लिटरने. त्याहून कमी घेतलं तर कॉइल उघडी पडते आणि जळते. तांब्याचा हंडा गॅसवर असेल तर धोका वेगळा. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे तळ कोरडा पडला की कल्हई ओघळलीच. मग कल्हईसाठी पुन्हा पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी गाठा.

उलट, भीतीपोटी ३० लिटर भरण्यातही अर्थ नाही. १२ लिटर पाणी उकळायला साधारण ४० मिनिटं लागतात, ३० लिटरला दीड तास. (पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तापमापीवर १०० दिसण्याची वाट पाहू नका.) बोअरचं पाणी नको, कॉइलवर क्षाराचा थर बसतो. नळाचं चालतं.

आता मुख्य चूक. ३ किलो चिरलेली पानं पूर्ण जाळीवर पसरली की थर जेमतेम १० सेंमीचा होतो. वाफ त्यातली सैल जागा शोधते, बहुधा कडेची, आणि पानांना न शिवता निघून जाते. घाणा संपल्यावर झाकण काढून बघा. कडेची पानं शिजून खाकी झालेली आणि मधली अजून हिरवट दिसली, तर हेच झालंय. उपाय म्हणजे हंड्यात हंडा. २५ सेंमी व्यासाचा, २६ सेंमी उंच स्टीलचा डबा घ्या, त्याच्या तळाला ४-५ मिमीची भोकं पाडा आणि तो १३ सेंमीच्या तिवईवर ठेवा. तिवईच्या उंचीवर, डबा आणि हंडा यांच्या मधली फट झाकायला पत्र्याची चकती हवी. बाहेरचा व्यास ३९ सेंमी, मधलं भोक २५. कुठलाही स्टील फॅब्रिकेटर करून देतो. कडेला उरलेल्या फटीत सुती कापडाची वळकटी दाबा. आता वाफेला डब्यातूनच जावं लागतं आणि तोच माल २५ सेंमीचा उभा थर होतो. पानं आदल्या दिवशी सावलीत सुकवून २-३ सेंमीचे तुकडे करा. भरताना हाताने हलकं दाबा, ठेचू नका. फार गच्च भरलं तर वाफ अडते आणि झाकण उचलतं.

झाकणाची सांध कणकेने लिंपा. सिलिकॉनच्या गॅस्केटला वास धरतो. शिवाय आत दाब वाढलाच तर कणीक आधी सुटते, म्हणून झाकणाला भक्कम क्लँप लावू नयेत. गळती बघायला हात लावू नका. थंड स्टीलचा चमचा सांधेजवळ धरा, धुरकटला तर तिथे अजून कणीक.

उष्णतेचं भाडं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. असा न गुंडाळलेला हंडा निव्वळ हवेत ३००-४०० वॅट सोडतो. ‘माल थोडा आहे’ म्हणून रेग्युलेटर १ किलोवॅटवर आणलात, तर जवळपास तिसरा हिस्सा उष्णता खोली तापवण्यात जाते. वाफ घुमटातच थंड होऊन पानांवर परत ठिबकते. घुमट आणि वरचा अर्धा भाग सिरॅमिक वूलने (न जळणाऱ्या तंतूंच्या थराने) गुंडाळा. गॅस असेल तर गोधडीचा मोह टाळा, पेट घेते. गवती चहाला पहिला थेंब येईपर्यंत पूर्ण २ किलोवॅट, नंतर तासाला दीड-दोन लिटर धार राहील इतकं.

वाफेच्या नळीच्या थंडाव्याला २०० लिटरचा ड्रम आणि कूलरचा पंप पुरतो, ड्रमचं पाणी तासाला ५ ते ७ अंश तापतं. शक्यतो गुरुवारी घाणा लावू नये. पुण्यात पाणी आणि वीज दोन्हींची दुरुस्ती त्याच दिवशी निघते. वीज गेली की हंडा थंड होऊन आत ओढ बसते, म्हणून नळीचं टोक जमलेल्या अर्कात बुडालेलं नको. नाहीतर अर्क उलटा हंड्यात जातो.

३ किलो पानांतून साधारण १० मिली तेल अपेक्षित धरा. ते रुंद पातेल्यात घेतलं तर अर्ध्या मिलिमीटरचा तवंग होतो, वेचणार कसा? तेच २ सेंमी व्यासाच्या मानेच्या बाटलीत ३ सेंमीचा पिवळा थर दिसतो. अर्क त्यातच घ्या. तेल वर आलं की ड्रॉपरने ओढा. राहिलेलं सुगंधी पाणी फेकू नका, त्यात तेल विरघळलेलं असतं. पुढच्या घाण्याला तेच हंड्यात घाला.

गुलाबाला हा डबा नको. पाकळ्या वाफेत एकमेकींना चिकटून लगदा होतात आणि वाफ अडते. त्या पाण्यातच उकळायच्या, कॉइलवर जाळी ठेवून. ३ किलो पाकळ्या, १२ लिटर पाणी, ३ लिटर गुलाबपाणी. तेलाची आशा धरू नका. मार्केट यार्डातले डच गुलाब दिसायला देखणे, पण वासाला पोकळ. पहाटे तोडलेला गावठीच हवा.

वाळ्याला मात्र मोठा हंडा बरा. मुळांना १२ तास आणि त्याहून जास्त लागतात, छोटं भांडं मधेच आटलं असतं. इथेही दर दोन तासांनी पातळी बघून गरम पाणीच घाला, गार घातलं की वाफ थांबते. आणि वाळ्यानंतर दुसरं काही काढायचं असेल तर आधी २० मिनिटं नुसती वाफ सोडा, नाहीतर पुढच्या गुलाबपाण्याला मातीचा वास येईल.