सिलिंडर नंबरचं भिंग लेथवर काढताना टूलची टाच तपासा

चष्म्याच्या सिलिंडर नंबरच्या भिंगाला आडव्या-उभ्या दिशांना वेगळी गोलाई असते. म्हणून स्पिंडलच्या (भिंग फिरवणाऱ्या दांड्याच्या) एका फेऱ्यात सर्वो स्लाइडवरचं (मोटरनं सरकणाऱ्या पट्टीवरचं) टूल दोनदा आत-बाहेर होतं. त्रिज्या १०० आणि १५० मिमी, व्यास ६० मिमी धरला, तर काठाशी टूल सुमारे १.५ मिमी हलतं आणि तिथला उतार जवळपास ३ अंशांवर जातो. टूलचा पुढचा क्लिअरन्स (धारेमागे टूल भिंगापासून मागे झुकलेलं असतं तो कोन) याहून चांगलाच जास्त हवा. १० अंश ठेवा. कमी पडला की टूल आत शिरताना टाच (धारेमागचा भाग) घासते आणि काठाजवळ समोरासमोर दोन धुरकट पट्टे उमटतात. ते पॉलिशनं काढू नका, गोलाईच बिघडते.

थरथरीच्या खुणा दिसल्या तर ६०० आरपीएमवरून ३०० वर या. स्लाइडला लागणारं प्रवेगाचं बळ एक-चतुर्थांश होतं. एन्कोडर (फिरण्याचा कोन मोजणारं उपकरण) थेट स्पिंडलवरच बसवा. मोटरवर बसवला आणि बेल्ट घसरला, तर भिंगाच्या सिलिंडरचा अक्षच फिरतो.

वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यात टिनाच्या शेडखाली मे महिन्यात आणखी एक अडचण: अॅल्युमिनियमचा १०० मिमी होल्डर तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला २.३ मायक्रॉन वाढतो. कूलरचा झोत मशीनवर येऊ देऊ नका, गंजही चढतो. शेवटचा कट पहाटे घ्या, स्पिंडल अर्धा तास रिकामा फिरवून.