सफारीला कॅमेरा घेऊन जाताय? गाडी सुटायच्या आधीच सेटिंग लावा

बिबट्या रस्ता ओलांडतो तेव्हा तुमच्या हातात जेमतेम काही सेकंद असतात, आणि त्यात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) किती ठेवू, फोकस मोड कुठला, झूमचं लॉक का लागलंय असले प्रश्न पडले की संपलं, फोटोत फक्त शेपूट येते. त्यामुळे माझं मुख्य म्हणणं एकच, विचार जो काय करायचाय तो प्राणी दिसायच्या आधी करा.

मी मॅन्युअल मोड लावते, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) लेन्स देईल तेवढं उघडं म्हणजे एफ ५.६ किंवा ६.३, शटर १/१००० सेकंद आणि आयएसओ ऑटोवर. पळणारा प्राणी किंवा उडणारा पक्षी असेल तर १/२००० पाहिजेच. पहाटे उजेड कमी असतो आणि प्राणी नुसता बसलेला असेल तर १/२५० पर्यंत खाली या, चालतं, पण लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा थरथराट थांबवतं, प्राण्याची हालचाल नाही, हे बरेच जण विसरतात आणि मग फोटो हलला म्हणून लेन्सला शिव्या घालतात. आयएसओ ३२०० किंवा ६४०० झाला तरी घाबरू नका हो, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी होतो, हललेला फोटो काही केल्या सरळ होत नाही. आणि रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल.

फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे प्राणी हलला तरी फोकस त्याच्या मागे जातो, कुठे एएफ-सी म्हणतात कुठे एआय सर्व्हो. नवीन कॅमेरे प्राण्याचा डोळा स्वतः शोधतात, मस्त प्रकार आहे, पण मध्ये उंच गवत किंवा फांद्या आल्या की फोकस तिथेच अडकतो, म्हणून सिंगल पॉइंट (एकाच ठिपक्यावर फोकस) एका बटणावर ठेवून द्या आणि तो पॉइंट डोळ्यावर. बाकी अंग थोडं सॉफ्ट असलं तर चालतं, डोळा शार्प नसेल तर तो फोटो मी तरी ठेवत नाही.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ, इथे कॅमेरा हमखास फसतो. गर्द सावलीत पांढरा बगळा असला की कॅमेऱ्याला सगळंच काळोखं वाटतं, तो फोटो उजळवतो आणि पिसांचा नुसता पांढरा ठिपका होतो, तेव्हा कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करायची सेटिंग) उणे १ करा. काळ्या प्राण्याने फ्रेम भरली तरी उणेच, नाहीतर तो राखाडी दिसतो. उलट आकाशासमोर फांदीवर बसलेला पक्षी असेल तर अधिक १, म्हणजे तो नुसती सावली दिसणार नाही.

लेन्स १००-४०० मिलिमीटर असेल तर भरपूर झालं. ट्रायपॉड गाडीत नुसता अडचण करतो, त्याऐवजी बीनबॅग (लेन्स टेकवायची कापडी पिशवी) रिकामी न्या आणि तिथे पोचल्यावर धान्य भरा. फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, त्याची थरथर थेट लेन्समध्ये येते. धुळीत लेन्स बदलू नका, सेन्सरवर डाग बसले की प्रत्येक फोटोत दिसतात. आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरून लांबचा प्राणी काढायचा नादच सोडा, हवा लहरते, कितीही महागडी लेन्स असू दे फोटो मऊच येतो.

खरी मजा पुढे आहे. प्राणी दिसला, बर्स्टमध्ये (बटण दाबून धरून सलग) पन्नास फोटो मारले, चला पुढे, असं करू नका. थांबा. झोपलेला सिंह उठायच्या आधी बरेचदा जांभई देतो, आळस देतो. पक्षी शक्यतो वारा येतो त्या बाजूला तोंड करून उडतो आणि उडायच्या आधी बरेचदा शिटतो (हसू नका, हा लय कामाचा इशारा आहे, बोट शटरवर ठेवायचं). हरणं एकाच दिशेला टक लावून ओरडत असतील तर गाडी तिकडे वळवा. प्राणी ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडा, आणि गाडीत उभं राहण्यापेक्षा जमेल तेवढं खाली बसून काढा, त्याच्या नजरेच्या पातळीवरून तो जास्त भारी दिसतो.

मोबाइलवाल्यांनी डिजिटल झूमच्या मागे लागू नये. प्राणी छोटाच राहू दे आणि भोवतीचं गवत, झाडं, आकाश सगळं घ्या, असे फोटो लांब लेन्सवाल्यांना जमत नाहीत. फ्लॅश मात्र आधीच बंद करा, ऑटोवर राहिला तर नेमका नको तेव्हा उडतो आणि प्राणी बिथरतो.

अजून एक, गेंडा किंवा हत्तीचा फोटो टाकायच्या आधी त्यातलं लोकेशन काढून टाका, शिकारी लोकही फोटो बघतात.