पिकअपचं ॲव्हरेज अचानक पडलं तर नोझल खोलायच्या आधी हे बघा

लिटरला 12 किलोमीटर देणारी गाडी 10 वर आली म्हणजे 200 किलोमीटरच्या फेरीला सव्वातीन लिटरच्या वर डिझेल जास्त जातं, लिटरला 90 रुपये धरले तरी एका फेरीत तीनशे रुपये गेले आणि भाडं काय कोणी वाढवून देत नाही. म्हणून बोलेरो पिकअप असो, टाटा योद्धा असो नाहीतर अशोक लेलँड दोस्त, ॲव्हरेज पडलं की माणूस घाबरतो आणि सरळ नोझल-पंपाचं, म्हणजे इंजिनात डिझेल मारणाऱ्या इंजेक्टरचं आणि त्यांच्या पंपाचं काम काढून बसतो. ते सगळ्यात महागडं काम आहे आणि ते सगळ्यात शेवटी करायचं असतं.

आधी खरंच पडलंय का ते नक्की करा. डिझेलच्या काट्यावरून अंदाज लावू नका. टाकी फुल्ल करा, ऑटो कट झाला, म्हणजे पंप आपोआप बंद पडला की थांबा, मीटर लिहून ठेवा, नेहमीच्या रूटवर नेहमीचाच माल घेऊन गाडी चालवा आणि परत त्याच पंपावर त्याच मशीनच्या त्याच पाईपने ऑटो कटपर्यंत भरा, मग किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर निकाल लावायचा नाही, कारण एकदा दोन-तीन लिटर कमी बसलं की त्या वेळी ॲव्हरेज वाढलेलं दिसतं आणि पुढच्या भरण्याला तेवढंच पडलेलं दिसतं, गाडीला काहीच झालेलं नसतं. दोन-तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून भागा. ॲव्हरेज अचानक वाढलं तरी आधी हाच हिशोब तपासा. पंपावर शंका असेल तर 5 लिटरचं माप मागा, शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि तुमच्यासमोर मोजून दाखवावं लागतं, मागायला अजिबात लाजू नका.

आता माल आणि घाट. आमच्या नारायणगाव-ओतूर भागातून टोमॅटो घेऊन माळशेज मार्गे वाशीला जाणाऱ्या गाड्या घाट भरून उतरतात आणि येताना रिकाम्या चढतात. त्याच गाडीला कोणी भिवंडीवरून रिटर्न भाडं दिलं की ती भरून चढायला लागते, आणि मालक म्हणतो रूट तोच, किलोमीटर तेवढेच, मग डिझेल गेलं कुठं. ते घाटातच गेलं, गाडीत बिघाड नाही. मार्केटच्या गेटवर लाईनीत इंजिन चालू ठेवून उभं राहिलं तरी तासाला अर्धा ते एक लिटर जातं आणि मीटर एक किलोमीटरही पुढं सरकत नाही. हौद्यावर उंच बांधून फडफडणारी ताडपत्री, नवीन बसवलेला कॅरिअर, बदललेला ड्रायव्हर, 60 ऐवजी 80 चा स्पीड, या सगळ्याने फरक पडतो, म्हणून ॲव्हरेज ज्या आठवड्यात पडलं त्या आठवड्यात काय बदललं ते आधी आठवा. हळूहळू पडलं असेल तर काहीतरी झिजतंय किंवा चोक होतंय, एकदम पडलं असेल तर बहुतेक एकच गोष्ट बदललेली किंवा बिघडलेली असते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करू नका. आताच्या कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल जवळजवळ बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर पीत राहतं, आणि भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर लायनर तापून ब्रेक लागत नाही. जीव जातो यात.

टायर बदलले असतील तर तेही बघा. 215/75 आर 15 चा नवा टायर साधारण 703 मिलिमीटर उंच असतो, झिजून दोन्ही बाजूंनी 8-8 मिलिमीटर गेला की चाक लहान होतं आणि मीटर तेवढ्याच रस्त्याला दोन टक्क्यांच्या वर जास्त किलोमीटर दाखवतं, म्हणजे नवे टायर टाकल्यावर 12 चं पावणेबारा दिसलं तर ते मीटरमुळे. त्यापेक्षा मोठ्या साईजचे टाकले तर फरक अजून मोठा. मोबाईलचा जीपीएस लावून 50 किलोमीटर मीटरशी ताडून बघा. हवा सकाळी टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे, पुढची वेगळी मागची वेगळी.

पण एकदम दीड-दोनने ॲव्हरेज पडतं तेव्हा माझा पहिला संशय ब्रेकवर असतो, विशेषतः नुकतेच लायनर बदललेत किंवा ब्रेक टाईट करून घेतलेत तर. वीसेक किलोमीटर चालवा, शेवटी शक्यतो ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या, उतरून चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ते धरतंय. मग सपाट जागेवर, बाकीच्या चाकांना दगड लावून जॅकवर ते चाक उचला, न्यूट्रल करा, हॅन्डब्रेक सोडा आणि हाताने फिरवा. पुढचं चाक सहज फिरून थोडं पुढं जाऊन थांबलं पाहिजे, मागचं जॉइंटमुळे (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टमुळे) थोडं जड असतं तरी ठराविक जागी अडकायला नको. खर्रर्र असा सलग आवाज येत असेल तर लायनर ड्रमला घासतोय, घरघर येत असेल आणि चाक वर-खाली हलत असेल तर बेअरिंग. पुढं डिस्क असेल तर कॅलिपरच्या (डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) पिना सुकून जाम होतात, साफ करून ग्रीस लावलं की चाक मोकळं. हॅन्डब्रेकची केबल पावसाळ्यात गंजून अर्धी अडकून राहते तेही बघायचं. हे सगळं काम नोझलच्या खर्चापुढं किरकोळ आहे.

चाकं मोकळी असतील तर धूर बघा. भरून चढताना काळा धूर आणि ओढ कमी म्हणजे हवा पुरत नाहीये, एअर फिल्टर काढून बघा, नंतर टर्बोपासून (इंजिनात हवा कोंबणारा) इंटरकूलरपर्यंतचे (ती हवा थंड करणारा) रबरी पाईप हाताने दाबून बघा, चिरलेल्या जागी तेलकट काळं दिसतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की सूं आवाज येतो. क्लिप ढिली असेल तर स्क्रू ड्रायव्हरने काम होतं. चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण स्पीड वाढत नाही तर क्लच घसरतोय. टेंपरेचरचा काटा तासभर चालवूनही खालीच राहतो तर थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी रेडिएटरला सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, थंड इंजिन जास्त पितं. टाकीपासून फिल्टरपर्यंत पाईपला ओल किंवा धूळ चिकटलेली दिसली तर तिथून डिझेल गळतंय.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाडीला डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या लाईनीतला काजळी अडवणारा फिल्टर असेल तर अजून एक. त्यातली काजळी जाळायला गाडी मधूनमधून जास्त डिझेल मारते, तेव्हा आयडल थोडा वाढतो आणि फॅन चालू राहतो. गावातल्या गावात चालवून दरवेळी अर्ध्यात इंजिन बंद केलं की काजळी जाळणं परत परत सुरू होतं आणि ॲव्हरेज पडतच राहतं. डीपीएफचा लाईट लागला की हायवेला सलग वीस-पंचवीस मिनिटं चालवा. डीपीएफ कापून टाकायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे.

एवढं सगळं बघूनही काही सापडलं नाही तर मग नोझल. तेव्हाही आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष दाखवणारं यंत्र) लावून घ्या आणि मेकॅनिकला रिटर्न टेस्ट करायला सांगा, सगळ्या नोझलच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या पाईपला) बाटल्या लावायच्या आणि इंजिन चालू ठेवायचं, जिच्यात बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तो नोझल खराब, सगळेच बदलायचे पैसे लगेच काढू नका.