मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी झाली, फिल्डवर्क झालं, पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची, कलमं पाठ झाली की आपण तयार आहोत असं वाटतं. मलाही वाटलं होतं. अत्याचारग्रस्त मुलांच्या केंद्रात रुजू होणार असाल, तर आधी अशी केंद्रं का निघाली ते समजून घ्या.

१९८५ साली अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये रॉबर्ट क्रेमर या सरकारी वकिलाच्या पुढाकाराने असं पहिलं केंद्र उभं राहिलं. तोवर मूल आपली हकीगत पोलिसांना, डॉक्टरांना, वकिलांना, प्रत्येकाला नव्याने सांगायचं. क्रेमर यांचं म्हणणं होतं की मुलाला फिरवू नका, सगळ्यांनी मुलाकडे यावं. आपल्याकडे १९९६ मध्ये मुंबईत १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन सुरू झाली, २०१२ मध्ये पॉक्सो आला. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, पोलीस गणवेशात नकोत, कोर्टात वारंवार बोलावणं नको, या तरतुदींमागे तीच तळमळ आहे.

हे सगळं मी वाचलं होतं. तरी चुकले.

सात वर्षांची मुलगी होती. फ्रॉकची नाडी बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. बोलत नव्हती. मला तिची शांतता सहन होईना, म्हणून मीच विचारलं, ‘काकांनी केलं का?’ तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी थोडं वेगळं उत्तर आलं आणि मी ते माझ्या शब्दांत फाईलला लिहिलं. उलटतपासणीत वकिलांनी मला एवढंच विचारलं, ‘काका हा शब्द आधी कोण बोललं?’ मला ‘मी’ म्हणावं लागलं. ती खरं बोलत होती. तिच्या खरेपणावर शंका घ्यायला जागा मी करून दिली.

म्हणून नाव, जागा, कृती यांतलं काहीही तुमच्या तोंडून आधी जाऊ देऊ नका. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा आणि थांबा. मूल गप्प राहिलं तर राहू द्या. आत्ता ते सुरक्षित आहे का, दुखतंय का, हे कळलं की तपशील खणू नका. ते काम जबाब घेणाऱ्यांचं. लिहिताना मुलाचे शब्द जसेच्या तसे, बोबडे असले तरी, आणि शेजारी तुमचा प्रश्नही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर कधीच देऊ नका, कारण कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात होतो.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन ‘बालसमुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तिथे बोलायला शिकवतात, गप्प बसायला कुणी शिकवत नाही.

सुरुवातीला झोप उडेल. कुणाच्या तरी हातावरची जखम जेवताना आठवेल. तुम्ही कमकुवत आहात म्हणून हे होत नाही, सगळ्यांचं होतं. वरिष्ठांशी बोला, रजा मागायला लाजू नका. हे काम जमतं, हळूहळू जमतं.

आणि गुरू शोधायचा तर व्यासपीठावर नको, कोर्टाच्या व्हरांड्यात शोधा. माझ्या ताई तारखेच्या आदल्या दिवशी एकट्याच कोर्टात जाऊन यायच्या. आरोपीला कुठून आणतात, मुलीला कुठल्या दाराने न्यायचं, पाणी कुठे आहे, संडास कुठे आहे, सगळं पाहून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी मुलीचा हात धरून त्या थेट त्या दाराशी जायच्या.