गव्हाच्या पोत्यामागे किती टँकर? गावाचा धान्य-पाणी ताळेबंद

सौदी अरेबियाने १९८० च्या दशकात जमिनीखालचं, पुन्हा न भरणारं पाणी उपसून गहू पिकवला, निर्यातही केला. २००८ मध्ये स्थानिक गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं, आणि २०१६ पासून भिस्त आयातीवर आली. धान्य पिकवायला लागलेलं जे पाणी असं जहाजातून धान्यासोबत येतं, त्याला ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ टोनी अ‍ॅलन यांनी 'आभासी पाणी' म्हटलं. हाच हिशेब सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाला लावता येतो. पीकपेऱ्याची नोंद, २०० लिटरचं बॅरल आणि घड्याळ एवढं पुरे.

आधी गरज काढा. माणशी वर्षाला १५० किलो धान्य धरलं तर २,००० वस्तीला ३०० टन लागतं. त्यातला १०० टन गहू समजू.

आता पाणी. एका एकरावर पाण्याचा १ मिलिमीटर थर म्हणजे साधारण ४,००० लिटर. गव्हाला ४५० मिमी धरा, म्हणजे एकरी १८ लाख लिटर. उतारा एकरी १० क्विंटल पडला, तर किलोला १,८०० लिटर झाले. ५० किलोच्या पोत्यामागे १०,००० लिटरचे नऊ टँकर! शंभर टनांना शंभर एकर आणि १८ कोटी लिटर.

हा आकडा शेतावर पडताळा. बॅरल शेताच्या तोंडाशी भरा, मोटरीपाशी नको. पाटात मुरलेलं पाणी मोटरीपाशी दिसत नाही. २० सेकंदांत भरलं तर तासाला ३६,००० लिटर, म्हणजे एकराला हंगामभरात ५० तास. तुमचे ८०-९० तास जात असतील तर पाणी मुळांच्या खाली चाललंय किंवा वाफे लांब आहेत. डिसेंबरात एकदा मोजून थांबू नका. फेब्रुवारीत विहीर खाली जाते आणि धार बारीक होते.

सगळ्यात मोठी चूक यापुढे होते. किलोमागचे लिटर पाहिले तर कोरडवाहू रब्बी ज्वारी गव्हापेक्षा जास्त पाणी खाताना दिसते, कारण तिचा उतारा कमी. पण मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानातली मालदांडी ज्वारी जमिनीत मुरलेल्या पावसावरच येते. ते पाणी विहिरीत नव्हतंच, वाचवून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून वहीत दोन रकाने हवेत, पावसाचं पाणी आणि उपसलेलं पाणी. गावाला काय विकत आणावं लागेल, ते दुसरा रकानाच ठरवतो.

त्याच रकान्यात ऊस मांडा. गरज २,००० मिमी, पावसातून कामी आलेले ४०० वजा करा. उरलेल्या १,६०० चे एकरी ६४ लाख लिटर. म्हणजे २८ एकर उसाचं पाणी अख्ख्या गावाच्या गव्हाएवढं. साखर बाहेर जाते तेव्हा हे पाणीही जातं (आणि उन्हाळ्यात पिण्याचा टँकर आत येतो).

मग गहू विकत आणून ज्वारी घरची ठेवावी का? पाण्याच्या हिशेबात होय. पण आयातीला पैसा आणि विकणारा, दोन्ही लागतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने इजिप्तचा गहू अडला, त्याच वर्षी मे महिन्यात भारतानेही गव्हाची निर्यात थांबवली. म्हणून ताळेबंदाखाली आणखी एक ओळ लिहा: घरची ज्वारी किती महिने पुरेल.